उसण, कायरोप्रॅक्टर आणि आपली मान

आमच्या लहानपणी घरात कुणाच्या पाठीत उसण भरली की लगेच डॉक्टरकडे धाव घ्यायची पद्धत नव्हती. वाड्यावर पायाळू माणूस कोण आहे, याची आधी आठवण व्हायची. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत कोकणात, गोव्यात आणि घाटावरही सगळीकडे होती, अजूनही आहे. आमच्या वाड्यावर एक पायाळू मावशी होत्या. त्या आल्या की माझ्या वडिलांना जमिनीवर पालथे निजवीत आणि आधी हाताने चाचपून विचारीत, "खंय दुखता? हांगा?" वडील "हूं" म्हणाले की मगच पाय ठेवीत. तेवढ्याने उसण जायची की नाही हे देवाला ठाऊक, पण वडील उठताना "हलके वाटते" म्हणायचे एवढे मला आठवते.

हे सगळे आठवायला कारण घडले ते एका केशकर्तनालयात. दाढी-कटिंग झाल्यावर न्हाव्याने डोक्याला तेल चोळायला घेतले. छान पेंग आली होती. तेवढ्यात काही कळायच्या आत त्याने एक हात हनुवटीला, एक हात डोक्यामागे लावला आणि 'कट्' करून मान उजवीकडे फिरवली. मी ओरडायच्या आत डावीकडेही फिरवली. पुढचे आठ दिवस ऑफिसात फाईल बघायची तर सगळे अंग वळवावे लागत होते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने ते प्रेमानेच केले होते. पण एक प्रश्न मला राहून राहून टोचत होता. माझी मान, आणि मला कुणी विचारलेच नाही. आणि मीही आधी काही बोललो नाही.

त्या आठ दिवसांत वाचायला भरपूर वेळ होता. मान आणि पाठ हातांनी 'कट्' करून जागेवर आणण्याचा अमेरिकेत एक मोठा धंदाच आहे, त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, हे ऐकून होतो. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ आता सगळ्यांनीच पाहिले असतील. पण त्याचा इतिहास वाचायला लागलो तसा तो इतका रंगतदार निघाला की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मुळात हाडे बसवणे ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात आञ्छन म्हणजे ओढणे, पीडन म्हणजे दाबणे, संक्षेप म्हणजे जुळवणे आणि बंधन म्हणजे बांधणे अशा चार क्रिया सांगितल्या आहेत. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत पाठीचा बाक काढण्यासाठी माणसाला फळीवर ताणून वरून दाब देण्याचे वर्णन येते. आपल्याकडे हाडवैद्य होते, तालमीतले वस्ताद होते. पोर्तुगीज लोक गावठी हाडवैद्याला 'एंदिरैता' म्हणतात, म्हणजे सरळ करणारा. शब्द मोठा बोलका आहे. पुढे अमेरिकेत कायरोप्रॅक्टरांच्या एका कडव्या गटालाही 'स्ट्रेट' म्हणजे सरळ असेच नाव पडले, तो योगायोग. त्याकडे येतोच.

इंग्लंडात सारा मॅप नावाची एक हाडवैद्यीण होऊन गेली. तिचा बापही हाच धंदा करायचा. बाई अंगाने धिप्पाड, बोलायला फटकळ, पण हातात गुण असा की १७३६ साली एप्सम गावाने ती गाव सोडून जाऊ नये म्हणून तिला वर्षाला शंभर पौंड देऊ केले होते. पुढच्याच वर्षी ती गरिबीत मेली. शिकलेले डॉक्टर अशा लोकांना हसायचे. पण १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यवैद्याने आपल्या विद्यार्थ्यांना व्याख्यानच दिले की हाडवैद्य कोणते रोगी बरे करतात ते नीट बघा, त्यातले चांगले तेवढे घ्या आणि वाईट टाळा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीसुद्धा एका डॉक्टरला हे म्हणण्याइतका मोकळेपणा होता. पुढची शंभर वर्षे पाहिली तर तो मोकळेपणा दुर्मिळच म्हणायचा.

आता मुख्य पात्राकडे वळू. डॅनियल डेव्हिड पामर. जन्म १८४५, कॅनडातल्या टोरोंटोजवळचा. अमेरिकेत येऊन त्याने शाळामास्तरकी केली, किराणा दुकान चालवले, आणि मग 'मॅग्नेटिक हीलर' झाला, म्हणजे हाताच्या चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणणारा. तेव्हाच्या अमेरिकेत असे लोक गल्लोगल्ली होते. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट शहरात, मिसिसिपी नदीच्या काठी, त्याने आपले दुकान थाटले होते. त्याच्या थोडे आधी मिसूरी राज्यात अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने ऑस्टिओपथी नावाची हातांनी उपचार करायची पद्धत काढली होती आणि १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला तिची शाळाही सुरू केली होती. पामरने स्टिलची कल्पना उचलली असा आरोप पुढे कायम होत राहिला.

पामरच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस साफसफाईचे काम करायचा. तो जवळपास बहिरा होता. पामरच्या सांगण्यानुसार, सतरा वर्षांपूर्वी वाकून काही जोराचे काम करताना लिलार्डच्या पाठीत काहीतरी सटकले आणि तेव्हापासून त्याचे ऐकणे गेले. पामरने पाठ तपासली, एक मणका जागचा हललेला दिसला, तो हाताने ढकलून बसवला, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले. तारीख सांगतात १८ सप्टेंबर १८९५. कायरोप्रॅक्टिकवाले हा आपला जन्मदिवस मानतात.

लिलार्डच्या मुलीने मात्र पुढे वेगळेच सांगितले. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिचे वडील बाहेर कुणाशी तरी थट्टामस्करी करत होते, पामर पुस्तक घेऊन तिथे आला, विनोद ऐकून खूश होऊन त्याने हातातले जड पुस्तक लिलार्डच्या पाठीत हाणले. काही दिवसांनी लिलार्ड म्हणाला की मला जरा बरे ऐकू येते आहे. मग पामरच्या डोक्यात चक्र फिरले. दोन्हींतली कुठली गोष्ट खरी, कोण सांगणार! कानाची शीर पाठीच्या मणक्यांतून जात नाही हे तर शाळेतले पोरही सांगेल. पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर अडकले. दोन्ही गोष्टींत एक बाब सारखी आहे: लिलार्डला स्वतःला काय वाटले, हे त्याच्या तोंडून आपल्यापर्यंत फारसे पोचतच नाही. ज्याच्या पाठीवर हा सगळा डोलारा उभा राहिला त्याच्या वतीने दुसरेच बोलतात. आणि पामरच्या शाळेत पुढे कित्येक वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता, ही त्यातली आणखी एक कडू बाजू.

'कायरोप्रॅक्टिक' हे नाव पामरच्या एका रुग्णाने, सॅम्युएल वीड या पाद्र्याने, ग्रीक शब्द जोडून सुचवले. हाताने केलेले, असा अर्थ. मणका जागचा हलला की शीर दबते आणि त्यातून बहुतेक सगळे रोग होतात, असा पामरचा सिद्धांत. हललेल्या मणक्याला त्याने 'सबलक्सेशन' म्हटले आणि तो बसवण्याला 'ॲडजस्टमेंट'. हा शब्द आजही तसाच वापरतात. १८९७ मध्ये शाळा निघाली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून पामरवर खटला झाला. दंड भरणार नाही म्हणून तो तुरुंगात गेला आणि थोड्या दिवसांनी दंड भरून बाहेर आला. १९०७ मध्ये विस्कॉन्सिनातल्या ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर असाच खटला झाला. त्याचा वकील टॉम मॉरिस याने युक्तिवाद केला की हा ऑस्टिओपथी करतच नाही, याचे शास्त्र वेगळे, तत्त्वज्ञान वेगळे. मोरिकुबो सुटला. पण या निकालाचा एक परिणाम असा झाला की आपण 'वेगळे' आहोत हे दाखवत राहणे या मंडळींना भागच पडले. त्यांच्या तत्त्वज्ञानाचा पुढचा अट्टहास मला तरी या कोर्टाच्या खोलीतून निघालेला दिसतो. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये पहिला परवाना कायदा केला, लुइझियाना सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये. मधल्या साठ वर्षांत शेकडो लोक तुरुंगात गेले.

थोरला पामर १९१३ मध्ये वारला. तोवर शाळा त्याचा मुलगा बार्टलेट जोशुआ, सगळे त्याला बी. जे. म्हणायचे, याच्या ताब्यात गेली होती. बाप-लेकाचे इतके बिनसले होते की एका मिरवणुकीत मुलाने बापाच्या अंगावर मोटार घातली असा बोभाटा झाला होता. बी. जे. हा जाहिरातीचा बादशहा. त्याने रेडिओ स्टेशन चालवले, आणि पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला रोनाल्ड रेगन तरुणपणी त्याच स्टेशनवर निवेदक होता. बी. जे. च्या बाजूचे ते 'स्ट्रेट': फक्त हातांनी मणका, बाकी काही नाही. विरोधी बाजूचे ते 'मिक्सर', म्हणजे भेसळवाले: हे शेक द्यायचे, व्यायाम सांगायचे, आहार सांगायचे. आपल्याकडे शुद्ध आयुर्वेद आणि मिश्र वैद्यकी यांचा वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे भांडण नवीन वाटणार नाही.

१९२४ मध्ये बी. जे. ने न्यूरोकॅलोमीटर नावाचे, पाठीवरून फिरवून उष्णतेतला फरक दाखवणारे यंत्र आणले आणि म्हटले, याच्याशिवाय खरा कायरोप्रॅक्टर नाही. यंत्र मिळेल, पण माझ्याकडून भाड्याने. त्यावर त्याचे स्वतःचेच बिनीचे शिक्षक रागावून निघून गेले आणि त्यांनी १९२६ मध्ये इंडियानापोलिसला लिंकन कॉलेज काढले. पुढे तीसच्या दशकात बी. जे. आणखी टोकाला गेला. त्याचे म्हणणे, सगळा दोष मानेच्या सर्वांत वरच्या मणक्यांत असतो; ते बसवले की झाले. या पद्धतीला त्याने 'होल इन वन' असे गोल्फमधले नाव दिले. रुग्णाला कुशीवर निजवून मानेच्या वरच्या टोकाला हाताचा एक विजेसारखा झटका द्यायचा आणि हात तितक्याच वेगाने उचलायचा. कमर दुखत असली तरी तेच.

इथून पद्धतींचा जो सुकाळ झाला तो बघण्यासारखा आहे. प्रत्येक पद्धतीमागे एक माणूस, त्याचा एक स्वभाव. विस्कॉन्सिनातल्या माउंट होरेब या खेड्यात क्लॅरेन्स गॉन्स्टेड होता. यंत्रांची आवड असलेला माणूस, स्वतः सांधेदुखीने हैराण होऊन कायरोप्रॅक्टरकडे गेला आणि तिथेच रमला. त्याच्याकडे इतके लोक येत की १९६४ मध्ये त्याने त्या खेड्यात मोठे थोरले चिकित्सालय बांधले आणि बाहेरगावच्या रुग्णांसाठी शेजारी राहण्याची सोयही झाली. पूर्ण कण्याचा एक्स-रे, बोटांनी चाचपणी, आणि मग नेमक्या एकाच मणक्यावर नेमक्या दिशेने जोर. मानेसाठी तो रुग्णाला खुर्चीवर बसवी आणि मान पिळणे शक्यतो टाळी. माझ्या न्हाव्याने याचे शिष्यत्व घेतले असते तर बरे झाले असते!

क्ले थॉम्पसन हा पामरच्याच शाळेतला, अवजारांचे डोके असलेला गृहस्थ. त्याने पन्नासच्या दशकात असे टेबल बनवले की ज्याचा एक भाग किंचित वर उचलून ठेवायचा. हाताचा जोर पडला की तो भाग 'धाड्' करून खाली पडतो. झटक्याचे काम टेबल करते, त्यामुळे माणसाला कमी जोर लागतो. पण आवाज असा की पहिल्यांदा निजलेला माणूस दचकून उठेल. इंडियानात जेम्स कॉक्सने कमरेपाशी दुभंगणारे टेबल घेतले. रुग्ण पालथा निजतो, टेबलाचा खालचा भाग हळूहळू खाली नेत कण्याला ताण देतात. झटका नाही, 'कट्' नाही. चकती सरकलेल्यांसाठी ही पद्धत नावारूपाला आली. सेंट लुइसच्या ह्यू लोगनने तर १९३५ मध्ये आपले स्वतंत्र कॉलेजच काढले. त्याची मुख्य क्रिया म्हणजे पाठीच्या अगदी तळाशी, माकडहाडाच्या जवळच्या बंधाला अंगठ्याने हलका दाब देऊन थांबायचे. ऐकायला सौम्य, पण तो हात कुठे जातो ते आधी सांगितले नाही तर रुग्णाला, विशेषतः बाईमाणसाला, किती अवघड होईल याची कल्पना करा.

आणि मिनेसोटातल्या रेडवूड फॉल्सचे दोघे, वॉरन ली आणि आर्लन फर. साठच्या दशकात हे अंगठ्यांनी ठोके देऊन देऊन थकले, म्हणून दंतवैद्याचे ठोका देणारे छोटे उपकरण वापरून पाहिले. त्यातून स्प्रिंगवर चालणारे, हातात मावणारे 'ॲक्टिव्हेटर' निघाले. आपण पेनची कळ दाबतो तसा आवाज, आणि क्षणभर एक टोचा. बस्स. म्हाताऱ्या माणसांना, हाडे ठिसूळ झालेल्यांना, आणि 'कट्' या आवाजानेच ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांना हे फार आवडले. पण सर्वांत जास्त चालते ती 'डायव्हर्सिफाइड' नावाची पद्धत. निरनिराळ्या गुरूंच्या हातखंड्यांची खिचडी, वेगवान पण थोड्या अंतराचा झटका, आणि बहुतेक वेळा आवाज.

या आवाजाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण सगळी भीती आणि सगळे आकर्षण त्यातच आहे. हाड मोडल्याचा किंवा हाड 'बसल्याचा' तो आवाज नव्हे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम फाकला की आतला दाब घटतो आणि वायूचा बुडबुडा होतो. १९७१ मध्ये इंग्लंडच्या लीड्समधल्या संशोधकांनी मांडले की आवाज बुडबुडा फुटल्याचा. २०१५ मध्ये कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी एका माणसाचे बोट एमआरआयमध्ये ओढून चलच्चित्र काढले आणि म्हणाले, फुटल्याचा नव्हे, पोकळी तयार झाल्याचा. २०१८ मध्ये गणिताने पुन्हा फुटण्याच्या बाजूने कौल दिला, अर्धवट फुटला तरी पुरे म्हणून. म्हणजे अजून वाद चालूच आहे. एकदा वाजलेला सांधा साधारण वीसेक मिनिटे पुन्हा वाजत नाही, एवढे मात्र आपण सगळेच बोटे मोडून पाहू शकतो. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तर साठ वर्षे फक्त एकाच हाताची बोटे मोडली, दोन्ही हातांत सांधेदुखीचा फरक पडला नाही असे छापले आणि २००९ मध्ये इग नोबेल हे थट्टेचे पारितोषिक मिळवले. सांगायचा मुद्दा, आवाज झाला म्हणजे गुण आला, आणि नाही झाला म्हणजे पैसे फुकट गेले, असे काही नाही. पण आवाज नाही झाला तर रुग्णच "झाले नाही वाटते" म्हणतो आणि मग समोरचाही आणखी जोर लावतो. यात चूक कोणाची?

मग कुठली पद्धत चांगली? शंभर वर्षे प्रत्येक गुरू 'माझीच' म्हणत आला. पिट्सबर्ग इथे केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. कमरदुखीच्या १०७ लोकांचे गट करून काहींना हाताचा झटका, काहींना ॲक्टिव्हेटर आणि काहींना नेहमीची वैद्यकी दिली. चार आठवड्यांनी हाताच्या झटक्याचे लोक पुढे होते. तीन आणि सहा महिन्यांनी तिन्ही सारखेच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कमरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत हे मणके हलवणेही घेतले आहे, पण व्यायाम, शेक, ॲक्युपंक्चर यांच्या जोडीनेच. म्हणजे पामरचे 'सर्व रोगांचे मूळ' हे पार निकालात निघाले, आणि कमरदुखीपुरता एक बरा उपाय तेवढा शिल्लक राहिला. मला यात एक मोकळीक दिसते. फरक एवढा थोडा असेल तर रुग्णाने "मला हे नको, ते चालेल" म्हटल्याने काहीच बिघडत नाही.

डॉक्टर मंडळींशी यांचे युद्धही झाले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली आणि तिचा मुख्य रोख कायरोप्रॅक्टिक मोडून काढण्यावर होता. त्यांच्याशी संबंध ठेवणे डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नव्हते. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि आणखी तिघांनी शिकागोत दावा लावला. पहिल्यांदा हरले, अपिलात पुन्हा सुनावणी मिळाली आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी हा बहिष्कार बेकायदा ठरवला. १९९० मध्ये वरच्या कोर्टातही तो निकाल टिकला. लक्षात घ्या, तो निकाल स्पर्धेच्या कायद्याचा होता, उपचार खरा की खोटा याचा नव्हे. तरी 'कोर्टाने मान्यता दिली' असे सांगणारे पुष्कळ आहेत.

आता त्या भांडणात बाजूला पडलेल्या माणसाकडे येऊ, म्हणजे टेबलावर पालथ्या पडलेल्या आपल्याकडे. "माझ्या अंगाला मला विचारल्याशिवाय हात लावू नका" हे म्हणायचा हक्क कायद्यात फार जुना नाही. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या श्लोएनडॉर्फ खटल्यात न्यायाधीश कार्डोझो यांनी तो ठळकपणे मांडला. त्या बाईने फक्त तपासणीला होकार दिला होता आणि भूल देऊन शस्त्रक्रियाच उरकली गेली. पण नुसता होकार पुरत नाही, कशाला होकार देतो ते कळायला हवे, ही गोष्ट १९७२ मध्ये एका खटल्यात ठळकपणे आली. तो कँटरबरी खटला पाठीचाच आहे! एकोणीस वर्षांच्या कारकुनाची पाठदुखीसाठी शस्त्रक्रिया झाली, नंतर तो पलंगावरून पडला, त्याला लुळेपण आले. शेकडा एक इतका धोका आहे हे डॉक्टरने त्याला सांगितले नव्हते. रुग्णाला जे जाणून घ्यावेसे वाटेल ते सांगितलेच पाहिजे, असे कोर्टाने म्हटले. (पुन्हा खटला चालला तेव्हा ज्युरीने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला, हे सहसा कुणी सांगत नाही. हाही कारकून, मीही कारकून, म्हणून मला वाईट वाटले.) आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हेच सांगितले: तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि रुग्ण थोड्या वेळाने शुद्धीवर येणार असेल तर घरच्यांच्या संमतीने काम भागत नाही.

कायरोप्रॅक्टिकमध्ये हा प्रश्न मानेपाशी खरा तापतो. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर जातात. त्यांचे अस्तर फाटले तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. मान पिळल्यानंतर असे झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, थोड्या आहेत, पण आहेत. २००८ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोच्या मोठ्या पाहणीत असे दिसले की तरुण रुग्णांत हा संबंध कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जेवढा, तेवढाच साध्या डॉक्टरकडे जाण्याशीही आहे; म्हणजे पुष्कळदा वाहिनी आधीच फाटलेली असते आणि तीच मानदुखी घेऊन माणूस दारात येतो. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तरीही सांगितले की कारण सिद्ध नसले तरी मान हलवण्याआधी रुग्णाला हा संबंध सांगावा. मला हे पटते. कारण कधी न दुखणारी मान एकाएकी भयंकर दुखू लागली, डोके फुटायला लागले, चक्कर, जीभ जड, एक बाजू बधिर, तर ती मान कुणाच्याच हातात द्यायची नाही, थेट इस्पितळ गाठायचे, हे दोघांनाही माहीत असायला हवे. टेबलावर निजण्याआधी.

राहिले काय बोलायचे ते. आपल्या लोकांची अडचण अशी की डॉक्टर, वैद्य, मास्तर, साहेब यांच्यापुढे आपण मान खाली घालतो, इथे तर ती त्यांच्याच हातात असते. मी जे वाचले त्यावरून मला वाटते की पहिल्याच भेटीत, कपडे अंगावर असताना आणि समोरासमोर बसलेले असताना बोलून टाकावे. पालथे पडल्यावर माणसाची हिंमत अर्धी होते. "डॉक्टर, मानेला झटका नको" एवढे वाक्य पुरते. कारण द्यायची गरज नाही, आणि पद्धतींची नावे पाठ असण्याचीही नाही. आवाजाची भीती वाटते, हळू ताण चालेल, उपकरण चालेल, हे साध्या मराठीत सांगता येते. आपण जी गोळी घेतो ती, विशेषतः रक्त पातळ करणारी, हाडे ठिसूळ असल्याचा जुना रिपोर्ट, दिवस गेलेले असणे, हातापायाला येणारी मुंगी, हे न विचारता सांगावे. हात कुठे लावणार ते आधी सांगा, असे म्हणण्यात लाज नाही. सोबत कुणी असावे असे वाटले तर तेही सांगावे. मागच्या वेळी झटक्यानंतर दोन दिवस दुखले असेल तर पुढच्या भेटीत पहिले वाक्य तेच असावे. आपण गप्प राहिलो तर समोरचा समजतो की गुण आला. आणि जो "मला शिकवू नका" म्हणेल, किंवा पहिल्याच दिवशी चाळीस भेटींचे पैसे आगाऊ मागेल, त्याच्याकडून चप्पल घालून निघावे.

गोव्याच्या वाचकांना हे दूरचे वाटायचे कारण नाही. आपल्या किती घरांतली मुले पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनसारख्या गावी गोदामात वजने उचलायला गेली आहेत. तिथे १९९४ च्या कायद्यापासून नोंदणी नसलेल्याला स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवता येत नाही आणि संमती घेणे नोंदणी परिषदेच्या नियमांत आहे. पोर्तुगालने २००३ मध्ये कायरोप्रॅक्टिकला कायद्यात जागा दिली. त्यामुळे तिकडच्या मुलांना तक्रार करायला दार तरी आहे. इकडे न्हाव्याच्या खुर्चीला कुठली परिषद?

मान बरी झाल्यावर महिन्याभराने मी त्याच केशकर्तनालयात गेलो. खुर्चीवर बसताच, अजून पाणीही मारले नव्हते, तेव्हाच म्हटले, "भाऊ, मागच्या वेळी मान फिरवलीत, आठ दिवस दुखली. या वेळी नको." हे एवढे बोलायला मला घरापासून तयारी करावी लागली होती. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग कात्री खाली ठेवून म्हणाला, "अहो, मग त्याच वेळी सांगायचं ना साहेब. सगळे मागून घेतात म्हणून मी करतो." आणि टॉवेल गळ्याभोवती गुंडाळता गुंडाळता विचारले, "तेल तरी लावू का?"